सूट मागण्याचे कारण

दादाचे कपडे वाटून टाकायला मी फार दिवस लावले. शेवटी गेल्या महिन्यात एका दुपारी कपाट उघडून घड्या घालायला बसले, तेव्हा लक्षात आले की त्याच्या प्रत्येक पँटचा उजवा खिसा आतून बदललेला आहे. डावे खिसे मूळचेच होते. उजव्याला मात्र जाड मांजरपाट लावून दुहेरी शिवण घातली होती. शिंप्याला तो काय सांगत असे कोण जाणे. "खजिना ठेवतो बावा यात, मजबूत शीव," असेच काहीतरी सांगत असणार. त्या खिशात त्याचा उजवा हात राहत असे.

दादा माझा थोरला भाऊ. तो बोलणारा आणि मी वाचणारी, अशी आमच्या घरात फार लवकर वाटणी झाली होती, आणि ती दोघांनाही सोयीची होती. तो गेल्यापासून घरात दोन्ही कामे माझ्याकडे आली आहेत, आणि बोलण्याचे काम मला अजून जमत नाही. म्हणून लिहिते आहे.

तो ड्राफ्ट्समन होता. पूल आणि पाण्याच्या टाक्या बांधणाऱ्या एका खासगी कंपनीचे ऑफिस सदर भागात होते. तिथे उंच स्टुलावर बसून तो नकाशे काढायचा. आमच्या आजोबांनी मागावर लुगडी विणली, वडिलांनी माग सोडून कारकुनी धरली, आणि दादाने टी-स्क्वेअर. आई म्हणायची, "या घरातल्या रेघा काही सुटत नाही. आज्यानं धाग्याच्या ओढल्या, यानं शाईच्या." वडील आम्ही शिकत असतानाच गेले होते, त्यामुळे दादाची ही पहिली पक्की नोकरी आईला फार मोठी वाटे. पगारातून प्रॉव्हिडंट फंड कापला जातो हे ती शेजारणींना कौतुकाने सांगायची, जणू सरकार तिच्या मुलासाठी वेगळी हंडी पुरून ठेवते आहे.

नोकरीला चार वर्षे होऊन गेली होती तेव्हाची गोष्ट. सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षे. कन्हानजवळ कंपनीचे काम चालू होते. तिथून एका सहकाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून येताना गाडी घसरली. सहकाऱ्याला खरचटले. दादा उजव्या खांद्यावर पडला. हाड जुळले, पण खांद्यापासून हातात उतरणाऱ्या नसा तुटल्या होत्या, त्या जुळल्या नाहीत. हात होता तिथेच राहिला, फक्त दादाचे ऐकेनासा झाला. डॉक्टरांनी हे दादाला आणि मला स्पष्ट सांगितले. घरी येऊन दादाने आईला सांगितले, "टाइम लागन म्हणते डॉक्टर." आई रोज संध्याकाळी तिळाच्या तेलाने तो हात चोळायची आणि विचारायची, "आज बोट हाललं वाटते नाही गा?" दादा म्हणायचा, "हाललं नं. तुले नाही दिसलं?"

कंपनीने काही महिने वाट पाहिली. मग साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून चहा मागवला. चहा येण्याच्या आत दादाने राजीनामा त्यांच्यापुढे ठेवला. कारण लिहिले होते, स्वतःचा व्यवसाय सुरू करण्यासाठी. मी नंतर विचारले, असे का लिहिले? तर म्हणाला, "आमच्या ऑफिसात जाणाऱ्यांचे दोन प्रकार हायेत. धंद्यासाठी जाते त्याले हार, चिवडा अन् भाषण. तब्येतीसाठी जाते त्याले फळांची पिशवी. अन् सारे त्याच्याशी हळू आवाजात बोलते. मले मोसंबी आवडत नाही."

त्याला हार मिळाला, चिवडा मिळाला, आणि भाषणात त्याला भावी शेठजी म्हटले गेले.

व्यवसायाचे अगदीच खोटे नव्हते. उमरेडला मामाकडे अजून माग चालू होते. मामा आणि त्याचे शेजारी साड्या उधारीवर द्यायला तयार होते. इतवारीत एका गल्लीत लहानसे दुकान रिकामे होते, त्याचे म्हातारे मालक वडिलांच्या ओळखीचे. अनामत रक्कम दिली की चावी. दसऱ्यापर्यंत थांबतो, असे त्यांनी सांगितले होते. फंडाचे पैसे आले की अनामत भरायची, असा बेत होता.

दरम्यान दादाने डाव्या हाताने सही करायला शिकून घेतले. नुसती सही नव्हे, त्याची जुनीच सही. ड्राफ्ट्समन माणूस, त्याने ती आधी मोठी करून भिंतीवर लावली आणि एखाद्या पुलाचा नकाशा उतरवावा तशी उतरवायला लागला. पेपरचे समास, माझ्या ग्रंथालयातून आलेले जुने कॅटलॉग, दूधवाल्याचे कॅलेंडर, सगळीकडे सह्याच सह्या. मला परीक्षक नेमले होते. "मास्तरीणबाई, पाहा बरं." मी म्हणायची, शेवटचा झोका फार उंच गेला. तो म्हणायचा, "उंच नाही, खुशीत आहे." उन्हाळा संपता संपता एक दिवस त्याने माझ्यापुढे दोन सह्या ठेवल्या, एक अपघाताच्या आधीची, एक त्या सकाळची. मी ओळखू शकले नाही. त्या दिवशी तो बँकेत गेला आणि तिथल्या कॅशियरने मान वर न करता पैसे दिले, याचा आनंद त्याने आठवडाभर पुरवला.

फंड आला तो कापलेला आला. पाच वर्षांच्या आत नोकरी सोडली आणि तीही धंद्यासाठी, म्हणून हिशेबनिसाने नियमाप्रमाणे कंपनीच्या वाट्यावर आणि व्याजावर इन्कम टॅक्स कापून घेतला होता. जे उरले त्यात अनामत भरत नव्हती.

मी तेव्हा एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. संदर्भाच्या कपाटात आयकराचे एक जाड पुस्तक होते, ते कोणी मागत नसे. मी ते घरी आणले.

"काय वाचून राहिली वं?"

"इन्कम टॅक्स."

"अरे देवा! याच्यापेक्षा लग्न कर."

मला पाहिजे ते मिळाले होते. पाच वर्षे झाली नसली तरी, प्रकृती बिघडल्यामुळे नोकरी सोडावी लागली असेल तर फंडाच्या पैशावर कर लागत नाही. म्हणजे रिटर्न भरायचे, फंडाची रक्कम करपात्र उत्पन्नात न दाखवता खालच्या वेगळ्या रकान्यात दाखवायची, आणि कापलेला कर परत मागायचा. त्या रकान्याला एक शेपूट होते. सूट मागण्याचे कारण लिहा.

दादाने फॉर्म पाहिला आणि बोट वरच्या रकान्यावर ठेवले. "इथं लिही. इथं कोणी काहून म्हणून विचारत नाही."

"मग पैसे परत मिळणार नाहीत. दुकान जाईल."

"दुसरं भेटन."

"या अनामतीत?"

तो गप्प झाला. ही घटना इतकी दुर्मिळ की मी ती संधी साधून पेन उघडले. मग वाटाघाट सुरू झाली. फॉर्म इंग्रजीत होता, भांडण मराठीत. तो म्हणाला, लिही थोडासा त्रास. मी म्हटले, थोड्याशा त्रासाला सूट नाही. तो म्हणाला, लिही हात नाराज आहे.

"दादा, कायद्यात लिहिलंय तेच लिहावं लागतं. प्रकृती."

"प्रकृती म्हटलं की लोकाले टी.बी. वाटते."

"लोक कुठे वाचतात? एक अधिकारी वाचणार."

"तो काय लोकाइतून नाही?"

स्वयंपाकघरातून आईने विचारले, "काय भांडून राहिले गा तुम्ही?"

"काही नाही आई, ही मले हिशेब शिकवून राहिली!" तो ओरडून म्हणाला, आणि मग माझ्याकडे वाकून, अगदी वेगळ्या आवाजात, "आईले कळता कामा नये. कागदावर एकदा लिहिलं का मंग ते कायमचं होते."

तेव्हा मला कळले की तो अधिकाऱ्याला लाजत नव्हता. घरात आम्ही सगळे 'टाइम लागन' या दोन शब्दांवर दिवस काढत होतो, आणि तो रकाना ते दोन शब्द खोटे पाडणार होता. मी शेवटी लिहिले, प्रकृतीच्या कारणामुळे नोकरी सोडावी लागली. त्याहून जास्त एक अक्षर त्याने लिहू दिले नाही. खाली त्याने सही केली. सुरेख सही, खुशीतल्या झोक्यासकट.

काही आठवड्यांनी आयकर कार्यालयातून पत्र आले. कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे.

आमच्याकडे सरकारी कचेरीत जाताना लग्नाला जावे तसे जातात. दादाने टेरिकॉटची पँट काढली, इस्त्रीवाल्याकडून शर्ट करून आणला, बूट चकाकवले, केसाला तेल लावून भांग पाडला. मी म्हटले, दादा, आपण आजारपण सांगायला चाललो आहोत. तो म्हणाला, "आजारी माणसानं काय गबाळं जावं? साहेब म्हणन, याले घरात कोणी नाही वाटते." हात खिशात गेला, खांदा थोडा मागे, आणि तो मुलगी पाहायला निघालेल्या मुलासारखा दिसायला लागला. सिव्हिल लाइन्सपर्यंत रिक्षात तो रिक्षावाल्याशी संत्र्याच्या भावावर बोलत होता. जिना तो माझ्या आधी चढला.

अधिकारी पुण्याकडचे, चष्मा लावलेले, सभ्य गृहस्थ होते. टेबलावर आमची फाइल उघडी होती. दादाने नमस्कार केला तो डावा हात छातीशी नेऊन, इतक्या सफाईने की कोणाला वाटावे त्याच्या घराण्यात असाच करतात.

"बसा. कुठे असता हल्ली?"

"इतवारीत दुकान टाकतो आहे साहेब. उमरेडच्या साड्या. वहिनीसाहेबांना एकदा घेऊन या."

मी पायाने त्याच्या बुटाला हलकेच धक्का दिला. उपयोग झाला नाही.

अधिकाऱ्यांनी कंपनीचा कागद पुढे ओढला. "राजीनाम्यात तुम्ही व्यवसायासाठी असे लिहिले आहे. आत्ताही तुम्ही व्यवसायाचेच सांगता. आणि रिटर्नमध्ये प्रकृती. यातले खरे काय?"

"दोन्ही खरं आहे साहेब."

"डॉक्टरांचा दाखला?"

मी पिशवीतून दाखला काढून दिला. तो देताना माझा हात अवघडला, कारण त्यात काय आहे ते मला माहीत होते. दादाने डॉक्टरांशी गप्पा मारून मारून त्यांच्याकडून इतकेच लिहून घेतले होते की उजव्या हातात काहीसा अशक्तपणा आहे. डॉक्टर भले माणूस, पेशंटच्या आनंदात आनंद मानणारे.

"काहीसा अशक्तपणा," अधिकाऱ्यांनी वाचले. मग त्यांनी दोन कागद शेजारीशेजारी ठेवले. एक नोकरीला लागतानाचा कंपनीतला अर्ज, एक आमचे रिटर्न. बराच वेळ पाहत राहिले. "ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"आणि ही?"

"ती पण."

"काडीचा फरक नाही. उजव्या हाताने काम होत नाही म्हणून नोकरी सोडली म्हणता, आणि सही तर पहिल्यापेक्षा जास्त रेखीव आहे." ते रागावले नव्हते. उलट एखाद्या हुशार मुलाची चोरी पकडावी लागली म्हणून थोडे खट्टू झाल्यासारखे वाटले. त्यांनी पेन उचलले. "मला हे मान्य करता येणार नाही. कर बरोबर कापला आहे."

मला सगळे एका दमात सांगायचे होते. पेपरचे समास, कॅलेंडर, भिंतीवरची ती मोठी सही. पण मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्ये वाचणारी, माझे स्वतःचे वाक्य तोंडाशी येईपर्यंत त्यांचे पेन कागदाला टेकले होते.

दादा म्हणाला, "साहेब, एक मिनिट."

त्याने डावा हात शरीरासमोरून उजव्या खिशाकडे नेला, उजव्या मनगटाला धरले आणि तो हात बाहेर काढून टेबलावर ठेवला. ठेवला, असेच म्हणावे लागेल, जशी एखादी वस्तू ठेवतात. घराबाहेर तो हात मी पहिल्यांदाच पाहत होते. कोपरापासून खाली वाळून लहान झाला होता, बोटे आत वळलेली, आणि आईच्या तेलामुळे त्याची त्वचा दुसऱ्या हातापेक्षा तकतकीत होती.

"ही जी पहिली सही आहे ती यानं केलेली आहे," दादा म्हणाला. "दुसरी यानं." आणि डावा हात वर केला. मग त्याने अधिकाऱ्यांच्या हातातले पेन मागून घेतले, वळलेल्या बोटांत खोचले, आणि डावा हात मागे घेतला. पेन तिथे क्षणभर राहिले. मग घरंगळले आणि टेबलावरून खाली पडले.

अधिकारी स्वतः खुर्चीतून वाकले आणि त्यांनी ते उचलले. वर आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला होता.

"किती दिवस लागले ही सही शिकायला?"

"यांना विचारा. परीक्षा यांनी घेतली. तीन वेळा नापास केलं."

"चार," मी म्हटले. त्या कार्यालयातले माझे ते एकमेव वाक्य.

ते हसले, आणि हसणे संपल्यावर आपल्या कामाच्या आवाजात म्हणाले की कंपनीला ते स्वतः पत्र लिहून विचारतील, डॉक्टरांकडून मात्र नीट दाखला आणावा लागेल, आणि आत्ता इथे बसून एक जबाब द्यावा. जे आहे ते, जसे आहे तसे. त्यांनी मला कोरा कागद दिला. दादा सांगत गेला आणि मी लिहीत गेले. माझा उजवा हात कायमचा निकामी झाला आहे. तो बरा होणार नाही असे डॉक्टरांनी मला सांगितले आहे. मी नकाशे काढू शकत नव्हतो, म्हणून नोकरी सोडली. त्याने एकही विनोद घातला नाही. इतकी साधी वाक्ये मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. लिहिताना मला शब्द दिसत होते, कागद दिसत नव्हता.

बाहेर आलो तर गेटाजवळ पोह्यांची गाडी होती. "काय वं, रडून राहिली काय?" हात परत खिशात गेला होता. "रडायचं तर तर्री घेऊन रड, कोणाले कळणार नाही." आम्ही दोन प्लेट तर्रीपोहे घेतले. तर्री खरोखरच इतकी जहाल होती की दोघांच्याही डोळ्यांना पाणी आले आणि त्यावर काही बोलण्याची गरज उरली नाही. डॉक्टरांकडे आम्ही तिथूनच गेलो. दादाने या वेळी गप्पा मारल्या नाहीत, त्यामुळे दाखला पाच मिनिटांत झाला.

आदेश यायला नवरात्र उजाडले. पोस्टमन आला तेव्हा आम्ही तिघेही पुढच्या खोलीत होतो. मी पाकीट फोडले, दादा माझ्या खांद्यावरून वाचू लागला. सूट मान्य. कापलेला कर परत. आम्ही दोघेही इतके खूश झालो की आई आमच्याकडे पाहते आहे हे विसरूनच गेलो.

"काय लिहिलं हाये?" आई म्हणाली.

"पैसे वापस भेटते आई," दादा म्हणाला.

"कायचे?"

"फंडाचे. कापले होते नं, ते."

"मंग आता काहून देऊन राहिले?" तिने माझ्याकडे पाहिले. "तू वाच. तो सांगन तं गोड करून सांगन. पुरं वाच."

मी दादाकडे पाहिले. त्याने खिडकीकडे तोंड केले, पण मान हलवली. वाच. मग मी ते इंग्रजी वाक्य मराठी करून वाचले. अर्जदाराचा उजवा हात अपघाताने कायमचा निकामी झाला असून त्या कारणानेच त्याला नोकरी सोडावी लागली, याबद्दल माझी खात्री पटली आहे.

आईच्या मांडीवर निवडायची तूरडाळ होती. तिने सुपातला एक खडा शोधून बाजूला टाकला, मग अजून एक.

"बरं झालं," ती शेवटी म्हणाली. "कोणी तं बोललं."

दादा वळला. "तुले मालूम होतं?"

"मी रोज हातात धरतो गा तो. मले मालूम नाही राहीन तं कोणाले राहीन? तुले मालूम नव्हतं असं वाटे मले. म्हणून मी बोट हाललं म्हणत जाओ."

दादा तिच्याकडे पाहतच राहिला.

आईने सूप बाजूला सरकवले, पदर झटकला आणि त्याच्याकडे वर पाहून म्हणाली, "आता उभा काय राहिला? दसरा परवावर आला. जाय, इतवारीत जाऊन शेठजीले सांग का पैसे येऊन राहिले. दुकान दुसऱ्याले देऊन बसन तं मंग सरकारले सांगजो."

तो चपला घालून निघाला. मी कागद घडी करून त्याच्यासोबत द्यायला धावले, तर फाटकातूनच तो मागे न पाहता ओरडला, "राहू दे वं, शेठजीले इंग्रजी येत नाही. मी सांगतो त्याले."